दीड सूत

आईच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर डॉक्टरांनी ज्या गोष्टी कायमच्या सोडायला सांगितल्या, त्यांत जमिनीवर मांडी घालून बसणे सर्वांत वर होते. ऐकताना ती सूचना किरकोळ वाटली. घरी आल्यावर पहिल्याच रात्री, जेवायच्या वेळी, तिचा खरा अर्थ कळला. आमच्याकडे जेवणाचे टेबल कधीच नव्हते. स्वयंपाकघरालगतच्या खोलीत पाट मांडायचे, समोर ताटे घ्यायची आणि मध्ये पातेली ठेवून आईने बसल्याजागी सर्वांना वाढायचे, ही पद्धत वाडा सोडून फ्लॅटमध्ये आल्यावरही तशीच चालू राहिली होती. आता आम्ही चौघे खाली बसलो आणि आई भिंतीलगत खुर्चीवर, मांडीवर ताट घेऊन. एका हाताने ताट सावरायचे आणि दुसऱ्या हाताने भात कालवायचा, या कसरतीत वाटी ठेवायला जागा उरत नसे, म्हणून तिने आमटी एकदाच भातावर ओतून घ्यायला सुरुवात केली आणि ताक बंद केले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी तुमच्या पंगतीवर देखरेख करायला बसले आहे, असं वाटतंय." बोलणे हसण्यावारी गेले, पण त्यानंतर ती आमच्या आधीच जेवून घेऊ लागली.

टेबल विकत घ्यावे, असेच प्रथम ठरले होते. आम्ही तीन-चार दुकाने पाहिली. काचेचे टेबल आईने पाहताक्षणी नाकारले, कारण जेवताना सर्वांचे पाय दिसतात आणि तिच्या मते ते अशोभनीय आहे. या मुद्द्यावर माझे तिच्याशी मतैक्य आहे. बाकीची टेबले दिसायला बरी होती, परंतु आई त्यांच्याशी बसली, की पहिल्या बाकावर बसवलेल्या बालवाडीतल्या मुलीसारखी दिसे. तिची उंची ४ फूट ९ इंच आहे. बाजारातले जेवणाचे टेबल साधारणपणे ३० इंच उंच असते आणि खुर्चीची बैठक १८ इंचांवर असते. म्हणजे बैठकीपासून टेबलाचा पृष्ठभाग १२ इंच वर येतो. तिच्या बाबतीत तो कोपराच्याही वर येत होता, त्यामुळे घास घेण्यासाठी तिला खांदा उचलावा लागत होता.

हे माप कोणासाठी ठरले असावे, याचा मी पुष्कळ विचार केला. काट्या-चमच्याने जेवणाऱ्याचा हात ताटाच्या बाजूने येतो, त्याचे मनगट ताटाच्या कडेच्या पातळीवर राहिले तरी चालते. हाताने जेवणाऱ्याची बोटे वरून खाली उतरतात. भात कालवताना, भाकरीचा तुकडा मोडताना किंवा पोळीच्या घासात उसळ धरताना मनगट ताटाच्या वर असावे लागते आणि कोपर त्याहून वर. पाटावर बसणाऱ्याचे ताट तर त्याच्या बैठकीपेक्षाही किंचित खालीच असते. ज्या शरीराने ७० वर्षे असे वाकून अन्न घेतले, त्याच्यासमोर अन्न एकदम १२ इंच वर आणून ठेवायचे, हा बदल निदान थोडा तरी सौम्य करता यावा, असे मला वाटले. तेव्हा टेबल आपणच करावे हा विचार मनात आला. तोवर माझ्या नावावर पुस्तकांची एक मांडणी आणि दोन स्टुले एवढीच सुतारकी जमा होती, आणि त्यांतले एक स्टूल आजही डुगडुगते.

उंची ठरवण्यासाठी मी इस्त्रीचे टेबल वापरले. ते हवे तसे वर-खाली करता येते. त्यावर सपाट फळी बांधून आईला सलग चार दिवस वरणभात वाढला आणि रोज उंची बदलली. पहिल्या दिवशी तिने निषेध नोंदवला, दुसऱ्या दिवशी तिला गंमत वाटू लागली आणि चौथ्या दिवशी तिनेच "अजून बोटभर खाली घे" असे सांगितले. माप साडेअठ्ठावीस इंचांवर स्थिरावले. खुर्ची मात्र १८ इंचांचीच ठेवावी लागणार होती, कारण गुडघे बदललेल्या माणसाला बुटक्या खुर्चीवरून उठताना फार त्रास होतो. टेबल खाली आले आणि खुर्ची होती तिथेच राहिली, की दोघांच्या मधली जागा आकसते. वरचा तक्ता आणि त्याखालून चारही पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या यांची जाडी त्यातून वजा केल्यावर मांड्यांसाठी ६ इंच तरी उरले पाहिजेत. दुकानातल्या टेबलांना या पट्ट्या चार-चार इंच रुंद असतात. मी त्या ३ इंचांवर आणल्या. लांबी ५ फूट आणि रुंदी ३ फूट. माणशी २ फूट कड मिळावी असा हिशेब धरला, तर दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन आणि टोकांना एक-एक असे सहाजण ऐसपैस बसतात.

लाकडाबद्दल एक भावुक कल्पना सुरुवातीला होती, ती लवकर आटोपते. आजोळचे घर पाडले तेव्हाच्या दोन तुळया मामाकडे पडून होत्या आणि त्यांचे टेबल व्हावे, असे आईला व मलाही वाटत होते. एक तुळई आतून भुंग्याने खाल्लेली निघाली. बोट दाबले, की पिठासारखा भुगा पडे. दुसरी ठणठणीत होती, पण तिच्यात इतके जुने खिळे रुतलेले होते, की एकही करवत-गिरणीवाला ती यंत्रावर घ्यायला तयार होईना. त्यांचे बरोबरच होते. एक खिळा लागला, तर पात्याचे दात जातात आणि सुटलेला तुकडा माणसाला लागू शकतो. तुळया मामाकडेच राहिल्या.

मग मी टिंबर मार्केटात गेले. पुण्याच्या भवानी पेठेतल्या या वखारींमध्ये बाईमाणूस एकटी शिरली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "माल बघायला साहेब येणार आहेत का?" साहेब घरी पोळ्या लाटत असल्याचे मी सांगितले. ते खरेही होते. त्यानंतर मला बसायला स्टूल मिळाले. सागवान म्हणून जे विकले जाते, त्यात फार अंतर असते. बल्लारशा आणि आलापल्लीच्या जंगलातला साग वेगळा, दांडेलीकडचा वेगळा आणि आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीतून जहाजाने आलेला आणखी वेगळा. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ साली चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान गेले, ही गोष्ट त्या दिवशी मला तीन वखारवाल्यांनी स्वतंत्रपणे ऐकवली आणि तिघांनीही आपला माल त्याच झाडांच्या भावकीतला असल्याचे सुचवले. मी आयात केलेला साग घेतला. लागवडीच्या झाडांत सालीलगतचे पांढरट लाकूड जास्त असते आणि ते टिकाऊ नसते, म्हणून प्रत्येक फळी दोन्ही बाजूंनी पाहून, गाभ्याचा सोनेरी तपकिरी रंग कडेपर्यंत आहे ना याची खात्री करून निवडावी लागते. त्यात दीड तास गेला. निवडलेल्या फळ्या मी बाजूला ठेवत होते आणि एक मुलगा त्यांतल्या दोन हळूच पुन्हा ढिगात ठेवत होता. ते लक्षात आल्यावर आम्ही दोघेही हसलो.

लाकूड घनफुटावर विकले जाते. हा हिशेब घरी करून गेलेले बरे. सव्वा इंच जाडीचा ५ बाय ३ फुटांचा तक्ता म्हणजे सुमारे १.५६ घनफूट, ३ बाय ३ इंचांचे अडीच-अडीच फुटी चार पाय म्हणजे ०.६३, आणि पट्ट्यांचे साधारण ०.४२. एकूण २.६ घनफूट. रंधून, कापून, गाठी टाळून याच्या एक तृतीयांशाइतके तरी वाया जाते, म्हणून साडेतीन घनफूट घेतले. वाया जाणारे हे लाकूड पैसे देताना डोळ्यांत खुपते, आणि काम करताना मात्र ते होते म्हणून हायसे वाटते.

साग महाग का, याचे उत्तर मुंबईच्या गोदीत बांधलेल्या एका जहाजाकडे पाहिले तर मिळते. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८१७ साली पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका मलबारी सागवानाची आहे आणि आज २०० वर्षांनंतरही ती इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. सागाच्या अंगच्या तेलामुळे त्याला कीड सहसा लागत नाही आणि पाणीही लवकर मुरत नाही. सांडलेल्या आमटीपुरते बोलायचे, तर ही तयारी अंमळ जास्तच आहे. पण त्याच लाकडात सूक्ष्म वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो आणि तो हत्यारांची धार खातो, हे कोणत्याही वखारवाल्याने सांगितले नव्हते. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत रंधा लाकडावरून नुसता घसरू लागला. तेव्हापासून दर अर्ध्या तासाला पाते काढून निसण्यावर घासायचे, हा कामाचाच भाग झाला. पुढे पुढे मला तेच आवडू लागले, कारण तेवढ्यात पाठ सरळ करता येते.

काम पार्किंगमध्ये केले. सोसायटीने सकाळी ९ ते १ आणि दुपारी ४ ते ६ एवढी परवानगी दिली होती. मधली वेळ वामकुक्षीची, आणि तिच्याबाबत आमच्या इमारतीत तडजोड नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातले मिस्त्री, जे मूळचे चिपळूणकडचे आहेत आणि ज्यांना मी काका म्हणते, ते येता-जाता थांबत. ते फारसे सांगत नसत. रंधा उलट्या रेषेत चालला, की लाकूड उचकटते आणि त्याचा आवाज बदलतो, तो आवाज आला, की ते रस्त्यावरूनच ओरडत, "ताई, फिरवा!" मग मी फळी फिरवून विरुद्ध दिशेने रंधू लागे.

तक्त्यासाठी सहा-सहा इंची सहा फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या होत्या. दोन कडा अशा जुळाव्या लागतात, की त्या एकमेकींवर उभ्या ठेवून मागे दिवा धरला, तर उजेडाची रेघ दिसता कामा नये. गुण्या लावून प्रत्येक कड काटकोनात आणण्याचा मी दोन दिवस प्रयत्न केला आणि दर वेळी केसभर कोन चुकत राहिला. काकांनी त्यावर जी युक्ती दाखवली, ती मला या सगळ्या उद्योगातली सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते. शेजारी येणाऱ्या दोन फळ्या पुस्तक मिटावे तशा तोंडाला तोंड लावून आवळायच्या आणि दोन्हींच्या कडा एकदमच रंधायच्या. रंधा तिरका चालला, तरी एका कडेचा कोन जेवढा जास्त होतो तेवढाच दुसरीचा कमी होतो. पुस्तक उघडले, की दोन्ही चुका एकमेकींना खातात आणि तक्ता सपाट येतो.

चिकटवण्यात मात्र मी गोता खाल्ला. काकांच्या लहानपणी सरस कढवून वापरत. १९५९ साली फेव्हिकॉल आला आणि ते शिजवणे व तो वास हळूहळू मागे पडले, असे ते सांगतात. पांढरा गोंद वापरायला सोपा असतो. पण तो मे महिना होता आणि मी सकाळी ११ वाजता पाच जोडांना गोंद लावत बसले. पाचव्या जोडापर्यंत पोचेतो पहिल्यावर साय धरली होती. शिवाय सागाचे तेल रंधल्यावर पृष्ठभागावर येते, म्हणून चिकटवण्याआधी कडा थिनरने पुसाव्यात, हे मला वाचून माहीत होते आणि मी ते अनावश्यक ठरवले होते. दुसऱ्या दिवशी क्लॅम्प सोडले, तक्ता उचलला आणि मधला जोड हातात आला. उरलेलेही मी स्वतःच एकेक करून उघडले. दोन तर नुसत्या दाबाने सुटले. कडा पुन्हा रंधाव्या लागल्या. या वेळी त्या पुसल्या, एका दिवसात दोनच जोड केले आणि पहाटे ६ वाजता गोंद लावला. त्या पुनर्रंधणात रुंदीतला पाव इंच गेला. आमचे टेबल ३६ इंची नाही, पावणेछत्तीस आहे.

पाय आणि पट्ट्या यांचे काम त्या मानाने शांत होते, आणि सुतारकीचे खरे सुख मला त्यातच मिळाले. पट्टीच्या टोकाला कूस, म्हणजे खाचेत शिरणारे पातळ टोक, काढायची आणि पायात तिच्या मापाची खाच पाडायची. कुशीची जाडी पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांशाच्या आसपास ठेवतात. माझी पट्टी इंचाची, तेव्हा कूस तीन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि काकांचे सगळे जग याच मापात चालते. पटाशीने खाच पाडताना कडेपासून आत न जाता मधून कडेकडे यायचे, शेवटची रेघ उरेपर्यंत थांबायचे आणि मग ती एकाच घावात घ्यायची. कूस हाताने अर्धी आत जावी आणि उरलेली लाकडी हातोडीच्या चार-पाच ठोक्यांनी जावी, एवढी ती घट्ट हवी. हाताने पूर्ण गेली तर सैल, आणि ठोकून पाय चिरला तर अति घट्ट. आठ जोडांपैकी सात बरे बसले. आठव्यात मी पातळ चकती सरकवली आहे. तो कोणता हे मी घरात कोणालाही सांगितलेले नाही. गोंदाबरोबर प्रत्येक जोडात बांबूची मेख मारली, आणि चौकट जमिनीवर ठेवून तिच्यावर उभी राहिले. ती हलली नाही. त्या डुगडुगणाऱ्या स्टुलाचा थोडासा कलंक धुतला गेला.

आता तक्ता चौकटीला जोडायचा होता. मी लोखंडी कोन आणि स्क्रू आणून ठेवले होते. सगळे जोड घट्ट झाले, तेव्हा हाही तसाच घट्ट आवळावा, हे मला इतके स्वाभाविक वाटत होते, की त्यात विचारण्यासारखे काही आहे हेच लक्षात आले नाही. काका स्क्रू बघून म्हणाले, "पावसाळ्यात दार घट्ट होतं का नाही तुमचं?" होते. आमचे बाथरूमचे दार दर जुलैत चौकटीला धरते आणि दिवाळीला आपोआप मोकळे होते. "मग टेबल काय वेगळ्या झाडाचं आहे?"

त्यांनी मला घरातून पाट आणायला सांगितला. आईच्या लग्नातल्या पाटांपैकी एक मी नेला. त्याला मधोमध, लांबीच्या दिशेने, टोकापासून टोकापर्यंत चीर आहे, आणि ती आम्ही लहानपणी पाटावर उड्या मारल्यामुळे पडली असे आई ५० वर्षे सांगत आली आहे. काकांनी पाट उलटा केला. खाली दोन आडव्या पट्ट्या होत्या आणि त्या दोन्ही कडांना खिळे ठोकून पक्क्या केलेल्या होत्या. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ तसूभरही बदलत नाही. ते फुगते आणि आकसते रुंदीत. आडव्या पट्टीची लांबी त्यामुळे कायम राहते, फळीची रुंदी मात्र ऋतूबरोबर कमी-जास्त होत असते, आणि दोन्ही कडा खिळ्यांनी जखडलेल्या असल्या, की आकसणाऱ्या फळीपुढे मधोमध फाटण्याखेरीज मार्ग राहत नाही. पाट कोणत्यातरी कोरड्या उन्हाळ्यात, कोणीही अंगावर बसलेले नसताना, आपला आपणच उकलला असणार. ही बातमी मी आईला दिली. "म्हणजे तेव्हा तुम्हाला उगीच मार बसला," एवढेच ती म्हणाली.

सागाला इतर लाकडांपेक्षा ही खोड कमी असते, पण असतेच. आणि ती सगळ्या दिशांना सारखी नसते : खोडाच्या वर्तुळांच्या कडेने होणारी घट ही गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेतल्या घटीच्या दुपटीहूनही अधिक असते, म्हणूनच ओल्या लाकडाची फळी वाळताना पन्हळीसारखी वळते. मी तक्ता मेच्या कोरड्या उन्हात चिकटवला होता, म्हणजे तो त्याच्या सर्वांत अरुंद अवस्थेत होता. पुढे त्याला फुगायचेच होते. म्हणून लोखंडी कोन परत केले आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे छोटे लाकडी ठोकळे केले. प्रत्येकाला एक जीभ असते. ती पट्टीच्या आतल्या अंगाला पाडलेल्या खाचेत बसते आणि ठोकळा स्क्रूने तक्त्याला लावलेला असतो. तक्ता वर उचलला जात नाही, पण रुंदीत वाढू लागला, तर ठोकळ्याची जीभ खाचेत पुढे-मागे सरकते. जीभ आणि खाचेचा तळ यांच्यामध्ये जागा किती सोडायची, असे मी विचारले. "उन्हाळ्यात करताय तर दोन सूत सोडा. पावसाळ्यात केलं असतंत तर उलटं सांगितलं असतं."

पाय घट्ट आणि तक्ता सैल, हे मला पचायला वेळ लागला. इतके दिवस ज्या कौशल्यासाठी मी घाम गाळत होते, ते सगळे फट न ठेवण्याचे होते, आणि शेवटच्या टप्प्यावर मुद्दाम, मापून फट ठेवायची होती. ही गोष्ट मला कूस कातण्यापेक्षा अवघड वाटली, कारण कूस चुकली तर डोळ्यांना दिसते. फट चुकली आहे, हे मात्र दोन पावसाळ्यांनंतर एखाद्या रात्री फटाक्यासारखा आवाज होतो तेव्हा कळते.

पॉलिश पेपरचे ८०, १२०, १८० आणि २२० हे नंबर ओळीने फिरवताना आठवडा गेला. सागाच्या भुशाने हात खाजतात आणि शिंका थांबत नाहीत, म्हणून तोंडाला मास्क बांधला. लाखेचे पॉलिश मला फार आवडते, पण गरम पातेले ठेवले, की त्यावर पांढरे वर्तुळ उठते आणि आमच्या घरात पातेल्याखाली काही ठेवण्याची शिस्त येईल असा मला भरवसा नव्हता. म्हणून जवसाचे तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चार हात दिले. प्रत्येक हात वाळायला चार-पाच दिवस लागतात. एक इशारा इथे द्यायला हवा : जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत, कारण ते तेल हवेशी संयोग होऊन वाळताना गरम होते आणि बोळा करून टाकलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. मी ती पाण्यात बुडवून मग दोरीवर पसरून वाळवत असे. पार्किंगमधल्या त्या दोरीबद्दल सोसायटीच्या सभेत विचारणा झाली.

तक्ता आणि चौकट वेगवेगळे वर नेले. एकत्र केलेले टेबल सुमारे ४० किलोचे आहे आणि ते जिन्याच्या वळणावर फिरलेच नसते. ठोकळ्यांचा तो अनपेक्षित फायदा झाला. पहिल्या दिवशी टेबलावर पातेली मध्यभागी ठेवली आणि एक नवीच अडचण पुढे आली. पंगतीत आपण शेजारच्याच्या खांद्याला खांदा लावून बसतो आणि वाढणारा समोरून येतो. टेबलाशी सगळे एकमेकांच्या तोंडासमोर बसतात आणि वाढणाऱ्याला जागाच नसते. "आपापलं घ्यायचं?" असे आईने दोनदा विचारले. ज्या घरात तिने ५० वर्षे प्रत्येकाच्या ताटातला भात बघून दुसरा वाढला, तिथे आता लोक चमच्याने आपला भात आपण घेत होते. तिने यावर तोडगा काढला. तूप आणि मीठ ती आपल्या पानाशेजारी ठेवते आणि ते मागितल्याशिवाय कोणाला मिळत नाही.

दुसरी अडचण तिच्या पायांची होती. खुर्ची १८ इंचांची असल्यामुळे तिची पावले जमिनीला नीट टेकत नव्हती. उरलेल्या फळीतून ३ इंच उंचीचा एक छोटा पाट मी केला आणि त्याच्या आडव्या पट्ट्यांना एकेकच खिळा, मधोमध, मारला. आईने त्याच्यावर पाय ठेवायला साफ नकार दिला. पाट बसायला असतो, देव ठेवायला असतो, पाय ठेवायला नसतो. दोन दिवस पावले लोंबकळत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "याला पायरी म्हटलं तर चालेल ना?" चालणार होते. आता ती पायरीवर पाय ठेवून, साडेअठ्ठावीस इंचांवर भात कालवते आणि आमटीची वाटी वेगळी घेते. ताकही सुरू झाले आहे.

टेबलावर हळदीचे डाग पडले आहेत. पहिला डाग पडला तेव्हा मला वाईट वाटले. मग लक्षात आले, की हळदीचा रंग उन्हात उडतो आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यातले डाग आपोआप फिके होत आहेत. दूरच्या टोकाला मुलगा बसतो, तिथले तसेच आहेत.

टेबल पूर्ण झाले त्या दिवशी मी तक्त्याच्या खालच्या अंगाला पेन्सिलने तारीख आणि रुंदी लिहिली होती : पावणेछत्तीस. श्रावणात, आठवडाभर पाऊस लागून राहिलेला असताना आणि बाथरूमचे दार नेहमीप्रमाणे अडलेले असताना, टेप घेऊन मी टेबलाखाली शिरले. पाठीवर झोपून ठोकळे पाहिले. प्रत्येकाची जीभ खाचेत थोडी सरकलेली होती आणि सरकल्याची बारीक चमकदार खूण लाकडावर उमटलेली होती. टेप लावला. टेबल दीड सूत वाढले होते. खात्रीसाठी मधोमध आणि दुसऱ्या टोकालाही मोजले, तिथेही तेवढेच. पहिल्या नोंदीखाली मी तारीख घातली आणि आकडा लिहिला. वर ताटांचा आवाज येत होता. माझ्या डोक्याशी पायरीवर आईची दोन पावले होती, आणि ती तेवढ्यात किंचित बाजूला सरकली.

"मोजून झालं असेल तर वर ये," आई म्हणाली, "तुझं पान वाढलंय."